जाणाऱ्याने रांधायचं

ओपेलुसस, लुइझियाना
१ डिसेंबर

ऑगस्टिन,

हे पत्र आहे, जाहिरात नाही, तेव्हा न वाचता फेकू नकोस. तुझा शाळेतला कोच बर्ट्रांड काल दुकानात आला होता. अर्धा किलो सॉसेज घेतलं आणि अर्धा तास माझं डोकं खाल्लं. म्हणाला, "व्हर्जी, या विषयावर पोराशी फोनवर एक शब्द बोलू नकोस. खेळाडूंना कॉलेज बदलायची मुदत दोन जानेवारीला सुरू होते. त्याआधी कोणी कोणाशी बोलल्याचं फोनमध्ये सापडलं तर पोराचंच नुकसान." म्हणून कागद. कागद चुलीत घालता येतो.

विषय तुला माहीत आहे. टेक्ससचं ते मोठं विद्यापीठ तुला त्यांच्याकडून खेळायचे वर्षाला चार लाख डॉलर द्यायला बसलंय म्हणे. हे खरं का? आणि खरं असेल तर मला बर्ट्रांडकडून का कळावं? तुझ्या आईच्या मागे तुला कोणी वाढवलं, बर्ट्रांडने? त्याचा यात वाटा असणार हे सांगायला ज्योतिषी नको. सॉसेजचे पैसे रोख देऊन गेला, आजवर कधी दिले नव्हते.

मी काही म्हणत नाही. तू मोठा आहेस. पण दाराशी आलेल्या पैशाला निदान बस तरी म्हणावं. आयोवात तुला काय मिळतं? थंडी! तिथे तू खेळतोस की नाही हेसुद्धा मला नीट कळत नाही. चेंडू हातात धरून पळायचा हा तुमचा फुटबॉल, टीव्हीवाले चेंडूमागे धावतात आणि तू चेंडूला हातही लावत नाहीस. समोरून येणाऱ्या रेड्याला थोपवायचं, म्हणजे मागचा चेंडू फेकणारा देखणा पोरगा शाबूत राहील, एवढंच तुझं काम. तीन वर्षांत मला तुझं अर्धं बूड दिसलंय, तेही गिऱ्हाइकांच्या डोक्यांमधून.

खरं काय ते लिही. जेवतोस ना?

तुझी मावशी,
व्हर्जी


केलर फॉल्स, आयोवा
६ डिसेंबर

प्रिय मावशी,

कोच बर्ट्रांडला लोकांची लग्नं जुळवायची सवय आहे, मुलगा-मुलगी तयार असोत नसोत. तसलं काही नाही ग. कोणी तरी कोणाला तरी काही तरी विचारलं असेल. तू दुकानाकडे लक्ष दे.

मी इथे मजेत आहे. रेडे थोपवणारी आमची पाच जणांची ओळ अजून त्याच धान्याच्या कोठारामागच्या घरात राहते. लार्स मधोमध उभा राहतो आणि दिवसातून चार वाक्यं बोलतो, त्यातली दोन हवामानावर. फालेटा अजून गरम पाणी संपवतो. बाकी दोघे त्याच्यावर ओरडतात. डुकराच्या मांसाच्या इथल्या कंपनीने यंदा आम्हा पाचांचा फोटो हमरस्त्याच्या फलकावर लावलाय, पाचही जण गवतात आडवे, खाली लिहिलंय, "हे कुणाला पुढे जाऊ देत नाहीत, ताटाला सोडून." त्याबद्दल थोडे पैसे मिळतात आणि फ्रीजभर चॉप्स. तेव्हा जेवतो.

ख्रिसमसला येता येणार नाही, शेवटचा सामना सत्तावीसला आहे, सराव चालू. आणि येत्या शनिवार-रविवारी फोन करू नकोस. परीक्षा आहे, लायब्ररीत बसणार, फोन बंद.

गुडघ्यांना औषध लावतेस का? दिवसभर उभी राहू नकोस. एखादा माणूस ठेव.

तुझा,
ऑगस्टिन


ओपेलुसस
१७ डिसेंबर

लायब्ररीतल्या विद्वानास,

मी येऊन गेले, तुला एव्हाना कळलंच असेल.

झालं असं, की शेजारचा अल्सीद त्याच्या ट्रकमधून रताळी घेऊन आयोवाला निघाला होता. म्हटलं, पोराची परीक्षा आहे, ख्रिसमसला येणार नाही, चला, आपणच जाऊन त्याच्या घरी गंबोचा रस्सा रांधू. दुकानाला शनिवारी कुलूप घातलं. अख्ख्या गावाला वाटलं मी मेले. दोन बर्फपेट्या भरून कोंबडी, सॉसेज, भेंडी, माझं मोठं पातेलं आणि मी, असे सगळे रताळ्यांबरोबर निघालो.

दार उघडलं एका पांढऱ्याफटक ताडाने. म्हटलं, मी ऑगस्टिनची मावशी. तो आणखी पांढरा पडला. म्हणाला, "पण तुम्ही तर हॉस्पिटलात आहात. तो तुम्हालाच बघायला लुइझियानाला गेलाय."

आता सांग, मी काय बोलावं? मला लायब्ररी, त्यांना हॉस्पिटल! एकाच तोंडाने किती थापा मारशील? पण रक्ताचं नातं आहे, पोराला परक्यांसमोर तोंडघशी कशी पाडू? म्हटलं, "होते रे बाबा, होते. काल सोडलं. चुकामूक झाली वाटतं." आणि सरळ स्वयंपाकघरात शिरले.

दुपारभर पीठ तेलात भाजत उभी होते. संध्याकाळी त्या चौघांना बसवलं, वर त्यांनी आणखी आठ-नऊ धटिंगण बोलावून आणले, सगळे तुमच्याच कामाचे म्हणे. मी वाढताना ठणकावून सांगितलं, "हे ऑगस्टिनकडून आहे हो, पोटभर जेवा."

आणि ऑगस्टिन, एक पोरगा बोलेना. चमच्यांचा आवाज तेवढा. बघते तर त्या फालेटाच्या डोळ्यांत पाणी. मग दुसऱ्याच्या. तो लार्स तर ताटात टपटप गाळत होता, आणि वर "आणखी घेऊ का" म्हणून पातेल्याकडे बघत होता. म्हटलं, अरे देवा, मिरची जास्त झाली. या बिचाऱ्यांना मिठाची सवय नाही, आणि मी आपली लुइझियानाच्या हाताने घातली! दूध विचारलं, तर नको म्हणाले. निघताना एकेकाने मला मिठी मारली. लार्स म्हणाला, "त्याला सांगा, आमचा राग नाही." मी म्हटलं, राग कसला, दोनदा घेऊन जेवलास की.

पोरं गुणी आहेत. तू मात्र कुठे होतास? मुलगी असेल तर तसं सांग, मी काही तुला खात नाही.

व्हर्जी मावशी


केलर फॉल्स
२० डिसेंबर

मावशे, मावशे, काय करून ठेवलंस!

मिरची नव्हती ग ती. नीट ऐक. आमच्या ओळीचा एक नियम आहे, आमच्या कोचच्याही आधीपासूनचा. चेंडू फेकणारे आणि चेंडू झेलणारे कॉलेज सोडतात तेव्हा फोनवर फोटो टाकतात, देवाचे आभार, चाहत्यांचे आभार, डोळ्यांत पाणी. आमच्या ओळीत ती नाटकं चालत नाहीत. जाणाऱ्याने सगळ्यांसाठी जेवण करायचं. बाकीच्यांनी न बोलता जेवायचं. कोणी का विचारायचं नाही, किती मिळणार विचारायचं नाही. जेवण झालं की तो गेला. बस.

आता तूच बघ. मी खोटं सांगून गायब. दारात माझी धडधाकट मावशी, पातेल्यासकट. आणि ती सांगते, हे ऑगस्टिनकडून! त्यांना वाटलं, मी एवढा भित्रा की निरोपाचं जेवणसुद्धा मावशीला पाठवून घातलं.

परत आलो तर मीटिंगच्या खोलीत माझं स्टूल नव्हतं. कोच म्हणाला, "आधी सांगितलं असतंस तर बरं झालं असतं," आणि माझ्या जागेसाठी कोलोरॅडोचा एक पोरगा बघायला बोलावलाय. मी म्हटलं, मी कुठेच चाललो नाही. लार्स म्हणाला, "आज बर्फ पडेल." सगळे माझ्याशी इतकं चांगलं वागतात की मारावंसं वाटतं. फालेटाने माझ्यासाठी गरम पाणी ठेवलं! तीन वर्षांत पहिल्यांदा!

आणि हो, मुलगी नाही. मी टेक्ससला गेलो होतो. चोरून. बर्ट्रांडनेच ठरवलं होतं. तुझ्याशी खोटं बोललो त्याची लाज वाटते.

कसं होतं सांगू? मला आवडलं. उगाच नाक मुरडत नाही. आंघोळीच्या खोल्या आपल्या चर्चपेक्षा मोठ्या. गुडघे शेकायला एक माणूस, खांदे चोळायला दुसरा, ऑम्लेट करायला तिसरा. त्यांनी माझे सगळे सामने पाहिलेत, ग. माझा डावा पाय कधी उशिरा पडतो हे त्यांना ठाऊक होतं. एवढं माझ्याकडे आजवर कोणी बघितलं नव्हतं. मग ओळीतल्या पोरांना भेटलो. पाच जण, पाच कॉलेजांतून आलेले, निम्मे पुढल्या वर्षी आणखी कुठे जाणार. एकाला विचारलं, तुझ्या शेजारी कोण खेळतो? म्हणाला, "चौसष्ट नंबर." नाव आठवेना त्याला. मधल्याने माझ्याशी हात मिळवला आणि विचारलं, "माझ्या जागेवर आलास का?" विचारलं मात्र अगदी सभ्यपणे.

मला इथेच राहायचंय. पण तू लिहिलंस, पैसा दाराशी आलाय. तुझे गुडघे मला दिसतात. तुला बसून खाता येईल एवढे पैसे आहेत ते. तू जा म्हणालीस तर जाईन, कुरकुर करणार नाही. पण तूच सांग.

ऑगस्टिन


केलर फॉल्स
२३ डिसेंबर

आदरणीय व्हर्जी मावशी,

मी लार्स हेगलंड. तुम्ही मला ताड म्हणालात असं ऑगस्टिनकडून कळलं. आमच्या घरी सगळेच असे आहेत.

मला पत्र लिहिता येत नाही. तरी ओळीने मला सांगितलं म्हणून लिहितो.

एक. गंबो फार चांगला होता. मिरची बरोबर होती.

दोन. ऑगस्टिनने आम्हाला खरं काय ते सांगितलं. आम्ही बसून विचार केला. नियम असा आहे की जाणाऱ्याने स्वतः रांधायचं. रांधलं तुम्ही. तेव्हा ते जेवण धरता येत नाही. फालेटाचं म्हणणं की नियमाने बघितलं तर ओळ सोडून तुम्ही गेलात. त्याचं आम्हाला दुःख आहे. स्टूल परत ठेवलं आहे. कोचशी मी बोललो. कोलोरॅडोचा मुलगा येऊन गेला, बरा आहे, पण ऑगस्टिन असेपर्यंत तो बाकावर बसेल.

तीन. हे मी त्याला तोंडावर सांगितलं आहे, तुम्हालाही सांगतो. तो म्हणतो की आमच्यासाठी राहतो. तसं आम्हाला नको. आमच्यातल्या कोणाला एवढे पैसे देऊ केले असते तर तो गेला असता. मी तर चालत गेलो असतो, आमच्या शेतावर कर्ज आहे. तो आमच्यासाठी राहिला तर प्रत्येक हरलेल्या सामन्यात आम्हाला त्याचे चार लाख आठवतील. तेवढं ओझं आम्हाला पेलणार नाही. त्याला खेळायला इथे आवडत असेल तर त्याने राहावं. ते वेगळं.

इथे बर्फ आहे. तुमचे गुडघे बरे असोत.

तुमचा,
लार्स


ओपेलुसस
३० डिसेंबर

माझ्या राजा,

सत्तावीसचा सामना बघितला. हरलात, पण तुमच्या बाजूने कोणी रेडा आत शिरला नाही एवढं मला दिसलं. दुकानात मी सगळ्यांना सांगितलं की मधला तो ताड माझा ओळखीचा आहे, मला पत्रं लिहितो. कोणाला खरं वाटेना.

आता तुझ्या प्रश्नाचं. लिहिताना हात जड झालाय, पण त्या लार्सला जमतं तर मलाही जमायला हवं.

मला पैसे नकोत. होय, नकोत. मी पैसा पैसा केलं, कारण ते बोलायला सोपं. नकाशा काढून बघ, टेक्ससचं ते गाव माझ्या दारापासून गाडीने चार तासांवर आहे. दुपारी दुकान बंद करून संध्याकाळच्या सामन्याला पोचता येतं आणि सकाळी परत भट्टी पेटवता येते. बर्ट्रांडने पहिल्यांदा सांगितलं तेव्हा मी चार लाख ऐकलेच नाहीत, चार तास तेवढे ऐकले. मला तुला खेळताना बघायचंय, ऑगस्टिन. अख्खा. कॅमेऱ्याला तू दिसत नाहीस, मला दिसशील. माझं वय होत चाललंय आणि तू आणखी एकच वर्ष खेळणार. हे तुला सरळ सांगायचं तर वाटलं, म्हातारी गळ्यात पडते म्हणशील.

आता हे वाचून जाऊ नकोस. राहिलास तर मी बर्फपेट्या घेऊन पुन्हा रताळ्यांत बसेन. मनापासून सांगते, जसं तुला वाटेल तसं कर. माझ्याशी फक्त खोटं बोलू नकोस, कारण तुला ते येत नाही.

तुझीच,
व्हर्जी


केलर फॉल्स
९ जानेवारी

मावशी,

काल मी रांधलं.

तुझी कृती समोर ठेवून रांधलं, म्हणजे दोष तुझाही आहे. पीठ तीनदा जळलं. दुसऱ्यांदा आगीचा भोंगा वाजला आणि शेजारचे लोक रस्त्यावर आले. भेंडी आयोवात जानेवारीत मिळते ती दगडासारखी गोठलेली. शेवटी जे काही झालं ते मी पानात वाढलं आणि उभा राहिलो. सगळे न बोलता जेवले, नियमच आहे. कोणी रडलं नाही. गिळण्यातच सगळी शक्ती गेली. शेवटी लार्सने चमचा ठेवला आणि म्हणाला, "आता खरंच जा."

तुझ्यासाठी जातोय असं समजू नकोस, तेवढं ओझं तुलाही नको. मी आठवडाभर विचार केला. मला पैसे हवेत, मावशी. मोठ्याने म्हणताना जीभ अडखळते, पण हवेत. माझ्या कामाला कोणी तरी किंमत लावली, ती ऐकून मला रात्रभर हसू येत होतं. आणि तू बघायला येणार, तेही हवं. मग राहिली ओळ. ती सोबत नेता येत नाही. स्टूल या वेळी मी स्वतःच उचललं, फालेटा म्हणाला, "गरम पाणी आता माझं," आणि मग मात्र मला काही दिसेना.

तुझ्या दुकानात मी माणूस ठेवणार आहे. नाही म्हणू नकोस. पहिल्या पैशातून.

ऑगस्टिन


ओपेलुसस
७ सप्टेंबर

ऑगस्टिन,

आता फोनवर बोलायची बंदी उठली, तरी लिहितेय. काल सामन्यानंतर तू विचारलंस, "कसा खेळलो?" आणि मी "झकास" म्हणून गाडीत बसले. चार तास गाडीत बसून ते गिळलं जाईना.

आधी चांगलं. दिसलास! डोक्यापासून टाचेपर्यंत! माझ्या पुढे एक टेक्ससवाली मोठी हॅट घालून बसली होती, तिला मी हॅट काढायला लावली. तू त्या रेड्यांना असं दाबत होतास की मी उभी राहून ओरडले, "तो माझा आहे, तो, चेंडूवाला नव्हे, त्याच्या पुढचा!" लोकांनी मला पाणी दिलं. देवाची शपथ, एवढी खूश मी तुझ्या बारशालाही नव्हते.

आता दुसरं. तू दोनदा पडलास. आयोवात तू पडायचास तेव्हा मला टीव्हीवर कडेला कोणाचे तरी दोन हात यायचे, तुला ओढून उभं करायचे आणि कॅमेरा निघून जायचा. मला वाटायचं, खेळाचा नियमच असेल तसा. काल तू पडलास आणि पडून राहिलास. सगळे आपापल्या जागेवर गेले. तू गुडघ्यावर हात ठेवून एकटा उठलास. दुसऱ्यांदाही तेच. एवढ्या मोठ्या मैदानात लाखभर माणूस ओरडतंय, आणि माझ्या पोराला उठवायला कोणी नाही. मी खाली उतरणार होते, पोलिसाने अडवलं.

तुझं बरं चाललंय ना? खरं सांग. दुकानातला तुझा माणूस चांगला आहे, पण फार बोलतो.

मावशी


टेक्सस
१४ सप्टेंबर

मावशी,

तू विचारलंस म्हणून खरं सांगतो, बरं चाललं नव्हतं. खेळ चांगला, जेवण चांगलं, पैसे वेळेवर. ओळीत मात्र सगळे भाडेकरूंसारखे, जिन्यात भेटले तर मान हलवणार. पहिला महिना मी रुसून बसलो होतो, की कोणी तरी येऊन आपल्याशी बोलेल. मग तुझं पत्र आलं. मला ते वाचून आधी तुझाच राग आला. म्हटलं, हिने बघायला यायचं ठरवलं ते हेच बघायला?

मग वाटलं, ते हात आयोवात आपोआप यायचे नाहीत. लार्स ते द्यायचा.

काल ओळीतला माझ्या शेजारचा गडी आडवा झाला. दीडशे किलोचा पोरगा आहे. मी हात पुढे केला. त्याने बघितलंही नाही, कुशीवर वळून उठला. दुसऱ्यांदा पडला तेव्हा पुन्हा केला. म्हणाला, "मी ठीक आहे," जसं काही मी उसने पैसे मागतोय. मला असा संताप आला की वाटलं, मर तिथेच.

शेवटच्या डावात तो पाठीवर पडला, पार हवा निघून. बाकीचे जागेवर गेले, पंच शिट्टी वाजवतोय, कोच काठावरून माझ्या नावाने बोंब मारतोय, आणि मी हात पुढे करून उभा, अगदी तुझ्यासारखा हट्टाने. त्याने बराच वेळ हाताकडे बघितलं. मग धरला. त्याला ओढताना मीच त्याच्या अंगावर पडणार होतो, दोघे कसेबसे उभे राहिलो. हेल्मेटच्या जाळीतून माझ्याकडे बघत त्याने विचारलं, "नाव काय रे तुझं?"

ऑगस्टपासून आम्ही खांद्याला खांदा लावून उभे आहोत, मावशी. मी सांगितलं.

तुझा,
ऑगस्टिन